गेटवरची सही

धाकटा पुण्याहून येतो तो शनिवारी, महिन्यातून एकदा, न धुतलेल्या कपड्यांची बॅग घेऊन. यंदा आषाढात तो गुरुवारी सकाळीच दारात उभा राहिला, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाठीवर लॅपटॉपची बॅग नव्हती. हातात पिशवी, पिशवीत ऑफिसातला त्याचा कॉफीचा मग, पेपरात गुंडाळलेला. मी काही विचारलं नाही. चहा टाकला. बाहेर नाशिकचा तो पाऊस होता, जो पडतोय की नुसता हवेत लोंबकळतोय हे कधीच ठरत नाही. गॅलरीतले टॉवेल तीन दिवस वाळले नव्हते आणि घरभर तो ओलसर, आंबूस वास. मी ओट्याकडे तोंड करून आलं किसत होते. मागून आवाज आला, "आई, आय वॉज लेड ऑफ."

आमच्या घरात इंग्रजी मी बोलते, आणि तेही पोटापाण्यापुरतं. सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण घरात ‘पास द सॉल्ट’ म्हणायची वेळ कधी आली नाही. मुलं आजारी पडली, नापास झाली, पडून हात मोडून आली, ते सगळं मराठीतच. त्यामुळे ते वाक्य स्वयंपाकघरात एखाद्या परक्या माणसासारखं उभं राहिलं. बसा म्हणावं की नको, कळेना. तेवढ्यात गॅलरीतून अप्पा बोलले. अप्पा म्हणजे माझे सासरे, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांना ऐकू कमी येतं, पण जे ऐकू जाऊ नये ते बरोबर ऐकू जातं. भिंग पेपरवरच ठेवून ते म्हणाले, "ले-ऑफ ना? मग एवढं तोंड पाडून काय आलास? अर्धा पगार चालू असेल. माल उठला की बोलावतील."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी आल्याकडे.

अप्पा एकतीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात होते, मशीन शॉपला. ले-ऑफ हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता, अंगावर घेतला होता. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, त्यात ले-ऑफच्या भरपाईचं प्रकरण आलं १९५३ च्या दुरुस्तीने, हे मला नंतर कळलं. अप्पांना ते कलमासकट पाठ. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल साचला, मशीन बंद पडलं, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नसेल तर तो ले-ऑफ. मस्टरवर नाव तसंच राहतं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होईल त्याच्या निम्मे पैसे मिळतात. पण एक अट, रोज ठरल्या वेळी गेटवर हजर व्हायचं. म्हणजे सासूबाई सांगायच्या तसं, काम नाही तरी सहाला उठायचं, दाढी करायची, सायकल काढायची, त्र्यंबक रोडने सातपूरला जायचं, गेटवरच्या वहीत सही ठोकायची आणि परत यायचं. डबा नसायचा. पण पहिले काही दिवस सासूबाईंनी सवयीने डबा भरला आणि अप्पांनी तो सवयीने नेलाही, गेटबाहेरच्या झाडाखाली बसून आठ वाजता खाल्ला. त्या दिवसांत त्यांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येईना म्हणून सासूबाईंना चैन पडत नव्हतं. त्या वासावर आयुष्यभर कुरकुर करणारी बाई!

तर अप्पांच्या शब्दात परतीची वाट होती. धाकट्याच्या शब्दात नव्हती. शब्द मात्र एकच. इंग्रजीतही ‘ले ऑफ’ आधी तात्पुरतंच होतं, मंदीत माणूस बाजूला ठेवायचा आणि तेजीत परत घ्यायचा. नंतर बाजूला ठेवणं राहिलं आणि परत घेणं गळालं. कधी गळालं याची तारीख कुठल्या कोशात नसते. अप्पांच्या कोशात तर ते अजून गळालेलंच नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगते, काळजीपेक्षा व्याकरणाने जास्त छळलं. लाज वाटते सांगायला, पण पेशाची खोड अशीच असते. शिंप्याला म्हणे मयतातही सदऱ्याची शिवण दिसते. ‘आय वॉज लेड ऑफ.’ पॅसिव्ह व्हॉइस, फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे मागे छोटा शब्द जोडलेल्या क्रियापदाचा. कर्ता गायब. सत्तावीस वर्षं मी फळ्यावर ‘चेंज द व्हॉइस’ लिहून पोरांच्या मागे लागले होते की कर्ता गाळू नका, शेवटी ‘बाय’ लावून लिहा, नाहीतर मार्क जाईल. रामाने आंबा खाल्ला. आंबा रामाकडून खाल्ला गेला. असा आंबा कुणी खात नाही आणि अशी वाक्यं कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. रोजच्या इंग्रजीत पॅसिव्ह वापरतात ते बहुधा कर्त्याला घरी ठेवण्यासाठीच. मॅच वॉज कॉल्ड ऑफ, मीटिंग वॉज पुट ऑफ, लोन वॉज टर्न्ड डाउन, आय वॉज टोल्ड ऑफ. कुणी रद्द केली, कुणी पुढे ढकलली, कुणी नाकारलं, कुणी झापलं, सगळे जण पडद्यामागे. एका मार्कासाठी आम्ही ज्याला ओढून पडद्यापुढे आणत होतो, तो तिथे नसावा यासाठीच ते वाक्य जन्माला आलेलं असतं.

पोरांची खरी दमछाक व्हायची ती शेपटाशी. ‘दे लाफ्ड ॲट हिम’ याचं पॅसिव्ह कर म्हटलं की निम्मा वर्ग लिहायचा, ‘ही वॉज लाफ्ड बाय देम.’ ‘ॲट’ कुठे गेला? तर ‘मॅडम, ॲट आणि बाय शेजारी शेजारी कसे येतील? चुकल्यासारखं वाटतं.’ वाटतं खरं. ‘लाफ्ड ॲट बाय’, ‘लुक्ड आफ्टर बाय’, ‘लुक्ड डाउन अपॉन बाय’, एस.टी.च्या मागच्या सीटवर चौघं कोंबल्यासारखे ते छोटे शब्द बसलेले असतात. मी सांगायचे, क्रियापद आणि त्याचं शेपूट मिळून एक प्राणी. वाक्य उलटं केलं तरी शेपूट तोडायचं नाही. आणि ज्या प्राण्याला कर्मच नाही त्याला उलटं करता येत नाही. वणीला जाताना गाडी बंद पडली, ‘द बस ब्रोक डाउन’, तर ‘द बस वॉज ब्रोकन डाउन बाय’ असं म्हणून ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही. पण चोर शिरले तर ‘द हाउस वॉज ब्रोकन इन्टू’. आपल्याकडे घर फोडतात, सरळ घरफोडी. इंग्रजीत घर शाबूत राहतं, फोडणं फक्त ‘आत’ जातं. एक मुलगी म्हणाली होती, "म्हणजे मॅडम, त्यांचं घर वाचलं." पखाल रोडवरून सायकलने यायची. फार हुशार. कुठे असेल आता कोण जाणे.

हे शेपूट परक्यांना छळतं ही तक्रार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की, आम्ही क्रियापदाला मागून एखादा अव्यय जोडून त्याचा अर्थ बदलतो आणि परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण होते ती इथे. मी हे वर्गात दरवर्षी सांगायचे, पोरांना धीर यावा म्हणून. धीर यायचा नाही, पण ‘त्यांनाच माहीत होतं तर बदललं का नाही’ असा प्रश्न दरवर्षी यायचा. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

रात्री अडीचला मी ‘ऑफ’ची माळ जपत होते. कॉल्ड ऑफ, पुट ऑफ, कट ऑफ, रिटन ऑफ, रिप्ड ऑफ, लेड ऑफ. ज्याला ज्याला ते ‘ऑफ’ लागलं, ते मूळ जागेवरून सुटलं. त्यातच ‘लेट ऑफ’. मराठी कानाला ‘लेड ऑफ’ आणि ‘लेट ऑफ’ जवळजवळ सारखेच. वर्गात कितीदा गोंधळ व्हायचा. ‘लेट ऑफ’ म्हणजे शिक्षा न करता सोडून दिलं. मास्तरांनी या वेळी सोडलं, पोलिसाने पावती न फाडता सोडलं. दोन्हींत माणूस सुटतो. एकात जीव भांड्यात पडतो. क्षणभर वाटलं, मीच चुकीचं ऐकलं असेल. आलं किसताना आवाज होतो. पण ऑफिसातला मग पेपरात गुंडाळून कुणी सुट्टीला येत नाही.

सकाळी त्याने मला कंपनीची मेल दाखवली. मी मागितली नव्हती. लाल पेनाची सवय असलेल्या डोळ्यांनी ती वाचली आणि एकही चूक सापडली नाही याचाच राग आला. बारा-पंधरा वाक्यं, आणि ‘आम्ही’ दोनच वेळा: एकदा आभार मानायला, एकदा शुभेच्छा द्यायला. मधलं सगळं आपोआप घडलेलं. रोल फेज्ड आउट झाला होता, ॲक्सेस टर्न्ड ऑफ झाला होता, हिशोब सेटल्ड होणार होते. फोनवर मात्र त्या एचआरच्या मुलीने तोंडी म्हटलं होतं, "वी आर लेटिंग यू गो." धाकटा म्हणाला, तिचाच आवाज कापत होता, मीच तिला इट्स ओके म्हणालो. लेट गो. जाऊ देणं. जणू हा केव्हापासून दार वाजवत होता, मला जाऊ द्या, जाऊ द्या, आणि यांनी शेवटी मन मोठं केलं.

आणि मला तर तेच म्हणायचं होतं. पोराच्या पाठीवर हात ठेवून आई दुसरं काय म्हणते? जाऊ दे रे. सायकल चोरीला गेली तेव्हा म्हटलं होतं, बारावीला गणितात मार्क गेले तेव्हा म्हटलं होतं. शब्द ओठावर आले आणि तिथेच थांबले. ते आधीच कुणीतरी वापरून टाकले होते.

मराठीत ही बातमी कशी सांगतात याचा विचार करत मी गंगापूर रोडला भाजीला गेले. व्याकरणातलं ‘कडून’ घेऊन बघितलं: ‘मी कंपनीकडून काढला गेलो.’ पण आपल्या बोलण्यात ‘कडून’ असं येत नाही. माझ्याकडून दूध उतू गेलं, माझ्याकडून निरोप द्यायचा राहून गेला, अशी ती चुकून झाल्याची कबुली असते. कंपनीकडून काढला गेलो म्हटलं की कंपनीचा धक्का लागून पोरगं पडलं असं वाटायचं. मग काय म्हणतात? नोकरी गेली. ताप येतो, झोप येते, वैताग येतो, लग्नाच्या बाजारात नकारही येतो, पत्रिकेच्या पाकिटातून. आणि लाइट जाते, मार्क जातात, नोकरी जाते. इंग्रजीत वीज ‘कट ऑफ’ होते, म्हणजे कुठेतरी कापणारा हात असतोच, दिसला नाही तरी. आमची लाइट स्वतःच्या पायाने जाते आणि स्वतःच्या पायाने येते. कर्ता लपवण्यात आम्ही काही कमी नाही. फक्त त्यांनी कर्त्याला पडद्यामागे बसवलंय, आम्ही त्याला जन्मालाच घातलं नाही.

सरकारी मराठीचं तर विचारू नका. त्या आठवड्यात मोबाइलवर रोज संदेश येत होते, गंगापूर धरणातून विसर्ग सोडण्यात आला आहे, विसर्ग वाढविण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात येत आहे. ‘ण्यात येत आहे’ म्हणजे आमचं पॅसिव्ह, धोतर-टोपी घातलेलं. पण त्याचा एक गुण आहे, ते ऐकल्यावर माणूस सावध होतो. ‘कळविण्यात येते की’ असं सुरू झालं की नाशिककर दुकानातलं सामान वरच्या फळीवर ठेवायला लागतो आणि कुणीतरी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला गंगेवर पळतो. ‘लेड ऑफ’चं तसं नाही. दोन छोटे शब्द, घरगुती, चौथीच्या पोराला येणारे. ‘ले’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे पंख्याचं बटण. त्यात बोट सापडेल म्हणून कुणी हात मागे घेत नाही.

तसं म्हटलं तर धडधडीत बोलायची सोयही मराठीत आहेच. नारळ दिला. डच्चू दिला. हाकलून दिलं. यात देणारा आहे, घेणारा आहे, हातात नारळाचं वजनसुद्धा आहे. माणूस अपमानाने जळतो, पण कुणावर जळायचं ते त्याला माहीत असतं. पण पोटच्या पोराला नारळ दिला असं कुठली आई म्हणेल? मीही म्हणाले नाही. भाजीवाल्याच्या हातगाडीशी आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनी भेटल्या. "काय, चिरंजीव दिसले, सुट्टी का?" मी मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हटलं, "हो, जरा ब्रेक मिळालाय त्याला." वहिनींचा चेहरा एकदम बदलला. गवार निवडता निवडता त्यांचा हात थांबला. हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही देतात हो, अंबडला. सात महिने झाले की ब्रेक. परत घेतात कधी कधी." ब्रेकचा नाशिकमधला अर्थ मी विसरलेच होते. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाची नोकरी सलग होऊ नये म्हणून मधेच तोडतात, त्याला इथे ब्रेक म्हणतात. मी सुखवस्तू कॉलेज रोडचा ब्रेक घेऊन आले होते, त्यांनी कारखान्यांच्या अंबडचा ऐकला, आणि तोच बरोबर होता. त्यांनी माझ्या पिशवीत न विचारता चार हिरव्या मिरच्या टाकल्या आणि निघून गेल्या. हातगाडीवाल्याने त्या मिरच्यांचे पैसे घेतले नाहीत, कुणाकडूनच.

घरी आले तर अप्पा फोनवर नणंदेला सांगत होते, "ले-ऑफ दिलाय त्याला. हो, हो. होईल सुरळीत. आमच्या वेळी तर दोनदा दिला होता." आवाजात चक्क अभिमान. घराण्याची परंपरा नातवाने चालवावी तसा. धाकटा सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, कानापर्यंत लाल. त्याने अप्पांची समजूत घातली नाही. मीही नाही घातली. अप्पांना अजिबात न कळलेली गोष्ट हीच घरातली सगळ्यात आशेची गोष्ट होती, आणि तिला हात लावायचं धाडस दोघांनाही होईना. मी इंग्रजीची शिक्षिका. चुकीचा अर्थ ऐकून गप्प बसण्याची ही माझी पहिलीच वेळ. मला वाटतं, थोडासा अर्थ मलाही अप्पांचाच हवा होता.

असे आठ दिवस गेले. धाकटा उशिरा उठायचा, बायोडेटा पाठवायचा, दुपारी मित्रांशी इंग्रजीत बोलायचा. त्या बोलण्यात आता नवे शब्द यायला लागले होते, टर्न्ड डाउन, पास्ड ओव्हर. मी भिंतीपलीकडून ऐकायचे आणि मनातल्या मनात ‘बाय हूम’ विचारायचे. नवव्या दिवशी पाऊस उघडला. गॅलरीत ऊन आलं, टॉवेल एकदाचे कडक वाळले. धाकटा चहाचा कप घेऊन दारात उभा होता, अप्पा बाकावर पेपर पसरून.

"तू सही करायला जात नाहीस का रे?" अप्पांनी विचारलं. "रोज जायचं असतं. नाही गेलं तर भत्ता कापतात."

"अप्पा, तसलं काही नसतं आता."

"मग हजेरी कुठे लावता?"

"लॉगिन असायचं. तेच बंद केलं." कपात बघत तो म्हणाला. "बुधवारी रात्री जेवून परत बसलो, थोडं काम उरलं होतं. तर पासवर्ड घेईना. तीनदा टाकला. आय वॉज लॉक्ड आउट. मेल नंतर आली."

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. लॉकआउट त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. तेही अंगावर घेतलेलं होतं, सव्वीस दिवस. गेटसमोर मांडव, रात्री पिठलं-भाकरी, पाळीपाळीने झोप, कुणाच्या घरी बाळ झालं तर तिथेच पेढे. तो किस्सा त्यांनी लग्नाच्या पंगतीतही सांगितला आहे.

"टाळेबंदी?" ते म्हणाले.

"तसंच काहीतरी."

"एकट्यासाठी?"

धाकट्याने मान हलवली.

"आणि गेटवर तुझ्याबरोबर कोण होतं?"

"गेट नव्हतंच अप्पा. मी खोलीवर होतो."

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली रिक्षावाला कुणाला तरी शालिमारचं भाडं सांगत होता. मग त्यांनी पेपरची घडी घातली, भिंग खिशात ठेवलं, आणि बाकावर थोडे सरकले.